कावळ्याचे घर आणि वर्तमानपत्रातली चौकट

मराठीतली सर्वांत जुनी बालकथा कोणती असे विचारले, तर अभ्यासक ‘लीळाचरित्रा’कडे बोट दाखवतात. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या ज्या लीळा गोळा केल्या, त्यांत कावळ्याच्या शेणाच्या घराची आणि साळईच्या मेणाच्या घराची गोष्ट आहे. पुढे साळईची चिमणी झाली, पण गोष्टीचा सांगाडा तोच राहिला. पाऊस येतो, शेणाचे घर वाहून जाते, कावळा मेणाच्या घराशी येऊन दार ठोठावतो आणि आतून एकामागून एक सबबी ऐकू येतात. बाळाला न्हाऊ घालायचे आहे, अंग पुसायचे आहे, काजळ लावायचे आहे, झोपवायचे आहे. दर सबबीला ऐकणारे मूल हसते. कावळा भिजतो आहे याचे त्याला वाईटही वाटत असते, तरी ते हसते.

या वर्षीच्या व्याख्यानाचा विषय आहे वर्तमानपत्रांतल्या बोलणाऱ्या प्राण्यांच्या विनोदी चित्रमालिका. साहित्य संस्थेच्या व्यासपीठावर हा विषय हलका वाटेल, याची मला कल्पना आहे. चित्रमालिका म्हणजे अग्रलेख वाचून झाल्यावर नजर टाकायची वस्तू, असे आपण म्हणतो, आणि प्रत्यक्षात पुष्कळ जण तिथूनच पेपर उघडतात. पण मला हा विषय बोथमध्ये बसून पाहायचा आहे, आणि इथून पाहिला की तो तितकासा हलका राहत नाही.

कारण आपण सीमेवरची माणसे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद संस्थानाची वाटणी झाली, तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले. बोथ तालुक्याचेही दोन तुकडे झाले. इस्लापूरचे सर्कल तिकडे गेले आणि उरलेला तालुका आंध्र प्रदेशात राहिला. इस्लापूर आणि बोथ यांच्यामध्ये ना समुद्र आला ना डोंगर. सोयरिकी, बाजार, माहूरची वारी सगळे होते तसेच राहिले. बदलले ते शाळेच्या फळ्यावरचे अक्षर आणि कचेरीतल्या अर्जाची भाषा. निजामाच्या काळात कचेरीत उर्दू होतीच. आता तिच्या जागी तेलुगू आली. मराठी जिथे होती तिथेच, म्हणजे घरात राहिली. घरातल्या भाषेची खरी परीक्षा अर्जात होत नाही. नातवंडाला त्या भाषेत हसू येते का, तिथे ती होते. विनोदाचे भाषांतर करून सांगावे लागले की तो संपला, हे आपण सगळेच जाणतो.

आता जरा शेजारच्या घरात डोकावू. आपल्या मुलांबरोबर खेळणाऱ्या तेलुगू मुलांना ‘येडु चेपल कथा’, म्हणजे सात माशांची गोष्ट, पाठ असते. राजाचे सात मुलगे सात मासे आणतात आणि वाळत घालतात. सहा वाळतात, एक वाळत नाही. ‘मासोळी, तू का नाही वाळलीस?’ तर गवताची गंजी आडवी आली. गंजी, तू का आडवी आलीस? गाईने मला खाल्ले नाही. गाईकडून गुराख्याकडे, गुराख्याकडून त्याला भाकरी न देणाऱ्या बाईकडे, तिच्याकडून रडणाऱ्या बाळाकडे आणि बाळाकडून त्याला चावलेल्या मुंगीकडे हा प्रश्न जातो. शेवटी मुंगीला विचारतात तेव्हा ती उलटून विचारते, माझ्या सोन्याच्या वारुळात कोणी बोट घातले तर मी चावणार नाही का?

या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. दोन्हींत एकाच मापाची वाक्ये एकामागून एक येतात. प्रत्येक वाक्यात चित्र थोडेसे बदलते आणि बाकीचे तसेच राहते. ऐकणाऱ्याला पुढे काय येणार हे ठाऊक असते, म्हणून तो थांबून असतो. आणि शेवटचे वाक्य सगळ्यांना कलाटणी देते. वर्तमानपत्रातल्या चित्रमालिकेची बांधणी याहून निराळी नाही. तीन किंवा चार चौकटी, तेच झाड, तेच दार, तीच दोन पात्रे. पहिल्या चौकटीत प्रश्न, मधल्या चौकटीत अडवणूक, शेवटच्या चौकटीत मुंगीचा डंख. ही करामत अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी शोधली असे सांगतात. कागदावर ती त्यांनी आणली हे खरे. पण ऐकण्याची सवय आपल्या आज्यांनी आणि तेलुगू अम्मम्मांनी आधीच लावून ठेवली होती.

तरी प्राणीच का? हीच अडवणूक दोन शेजाऱ्यांमध्ये दाखवली असती तर? मला वाटते, बोथसारख्या गावाला याचे उत्तर चटकन कळावे. आपल्याकडे मराठी, तेलुगू, गोंड, कोलाम, आंध, लंबाडा, मुसलमान अशी सगळी वस्ती एका बाजारात येते. गोष्टीतल्या कंजूष माणसाला नाव दिले की त्याच्याबरोबर आडनाव येते, आडनावाबरोबर जात येते, गाव येते, आणि कोणाचे तरी तोंड वाकडे होते. कावळ्याला आडनाव नसते. आळशी बोका कोणत्या आळीचा, हे कोणी विचारीत नाही. प्राण्याच्या तोंडी दोष घातला की तो सगळ्यांचा होतो आणि कोणा एकाचा राहत नाही, म्हणून सगळ्यांना एकदम हसता येते. ज्या गावात जपून बोलावे लागते तिथे ही फार मोठी सोय आहे.

मराठीने या प्राण्यांना आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे नाते. इंग्रजीत कोल्हा बोलू लागला तरी तो कोल्हाच राहतो. फार तर त्याच्या मागे ‘मिस्टर’ लागते. आपल्याकडे चिमणीची चिऊताई होते, उंदराचा उंदीरमामा, माकडाचे माकडदादा. मांजर वाघाची मावशी असते. ज्यांची भीती वाटते किंवा ज्यांचा भरवसा नाही त्यांना आपण ‘बा’ लावतो, वाघोबा, कोल्होबा, नागोबा. भिणाऱ्याने मान द्यायचा, ही रीत गोष्टीतही सुटत नाही. आणि आपल्या जिल्ह्यात तर नागोबा हा केवळ गोष्टीतला साप नाही. केसलापूरला दरवर्षी मेस्राम गोंडांची जत्रा भरते ती त्याच नावाच्या देवाची. म्हणजे इथल्या मुलाला ‘नागोबा म्हणाला’ असे सांगितले तर त्याला हसावे की हात जोडावे हा प्रश्न पडू शकतो, आणि दोन्ही एकाच वेळी करायला आपल्याकडे कोणाची हरकत नसते. दिवाळीच्या दिवसांत दंडारीत गुसाडी येतात. डोक्यावर मोरपिसांचा भलामोठा टोप, त्याला शिंगे, अंगाला राख. ते पवित्रही असतात आणि लोकांना हसवतातही. मोरपिसांची टोपी घालून पहाटे दारात येणारा आपला वासुदेव त्यांच्यापुढे फारच सोज्वळ वाटतो.

व्याकरणानेही एक कोडे घातले आहे. मराठीत ‘मी आलो’, ‘मी आले’ म्हणताना बोलणाऱ्याचे लिंग पहिल्याच वाक्यात उघड होते. कासव, माकड, मांजर, पाखरू ही नपुंसकलिंगी. ती बोलू लागली की सांगणाऱ्याला ठरवावेच लागते, हा बोका की ही मनी, हा दादा की ही ताई. म्हणून मराठी गोष्टीतला प्राणी तोंड उघडताच घरातला कोणीतरी होतो. याची गंमत पुढे एका अमेरिकन मांजराची गोष्ट सांगेन तेव्हा कळेल.

छापखाना आला तेव्हा प्राणी सर्वांत आधी त्याच्या दारात उभे होते. आणि तेही, लक्षात घ्या, महाराष्ट्राबाहेर. तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यात 1806मध्ये सक्खन पंडितांनी केलेले इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर ‘बालबोधमुक्तावली’ या नावाने छापले गेले. त्यानंतर 1815मध्ये बंगालातल्या श्रीरामपूरला ‘हितोपदेश’ मराठीत छापला गेला. मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘इसापनीतिकथा’ 1828मधली. मराठी गद्याने छापील अक्षरात चालायला शिकताना ज्यांचे बोट धरले, त्यांत कोल्हा, सिंह आणि बगळा हे मातब्बर आहेत. ‘कोल्ह्याला द्राक्षे आंबट’ ही म्हण आज इतकी घरची झाली आहे की ती ग्रीसहून आली हे सांगितले तर कोणाला पटत नाही.

पण छापखान्याने एक नुकसानही केले असे माझे मत आहे. आजीच्या गोष्टीतल्या चिमणीला काही शिकवायचे नव्हते. छापील गोष्टीखाली तात्पर्य आले. सरकारी शाळांसाठी पुस्तके हवी होती, नीती हवी होती, त्यामुळे प्रत्येक प्राण्याच्या गळ्यात एक धडा बांधला गेला. विनायक कोंडदेव ओकांचे ‘बालबोध’ 1881मध्ये निघाले, वासुदेव गोविंद आपट्यांचा ‘आनंद’ 1906मध्ये. मुलांवर या मासिकांचे उपकार मोठे आहेत, तरी एकोणिसाव्या शतकाने लावलेली ती शिकवणीची सवय मराठी प्राण्यांच्या अंगातून पुढेही फार काळ गेली नाही. विनोद दुसऱ्या वाटेने गेला. ठाण्याला 1872मध्ये ‘हिंदुपंच’ निघाले ते मोठ्यांसाठी, आणि त्याचे डोळे राजकारणावर होते. म्हणजे प्राणी मुलांकडे आणि विनोद मोठ्यांकडे अशी वाटणी होऊन गेली. ती 1956च्या वाटणीपेक्षा जुनी आहे आणि अजून पुरती मिटलेली नाही.

खुद्द पंचतंत्रात ही वाटणी नव्हती. करटक आणि दमनक हे दोन कोल्हे राजदरबारातले मुत्सद्दी आहेत. त्यांचे बोलणे मुलांसाठी नाहीच. ही कथा सहाव्या शतकात इराणात गेली, पहलवीतून अरबीत ‘कलीला व दिम्ना’ झाली, आणि फार्सीतून फिरून पुन्हा आपल्या दख्खनमध्ये आली. गोवळकोंड्याच्या दरबारात गव्वासीने 1639मध्ये दखनी भाषेत ‘तूतीनामा’ रचला. त्यातला पोपट रात्रीमागून रात्री गोष्टी सांगून घरच्या बाईला बाहेर पडण्यापासून थोपवतो. मराठीत हाच पोपट ‘शुकबहात्तरी’त आहे. या पोपटाचे बोलणे चावट, हजरजबाबी आणि मोठ्यांचे आहे. उद्याची गोष्ट उद्या, म्हणून आज थांब, ही त्याची युक्ती रोजच्या वर्तमानपत्राचीच युक्ती नव्हे काय?

आता त्या अमेरिकन मांजराकडे येऊ. जॉर्ज हेरिमन या चित्रकाराची ‘क्रेझी कॅट’ ही मालिका 1913पासून त्याच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे 1944पर्यंत चालली. तिच्यात तीनच मुख्य पात्रे. एक मांजर, एक उंदीर आणि एक पोलीस कुत्रा. उंदीर रोज मांजराच्या डोक्यात वीट घालतो. मांजराला ती वीट म्हणजे उंदराचे प्रेम वाटते. कुत्र्याचे मांजरावर प्रेम आहे, म्हणून तो उंदराला तुरुंगात टाकतो. तीस वर्षे एवढेच. हे मांजर ‘तो’ की ‘ती’, हे हेरिमनने शेवटपर्यंत ठरू दिले नाही. मराठीत हे मांजर पहिल्याच चौकटीत अडले असते! आणि त्याची बोली पाहा. नाना देशांतून आलेल्या लोकांच्या इंग्रजीची खिचडी, वाटेल तसे उच्चार, मधेच एखादा परका शब्द. शुद्धलेखनवाल्यांनी कान धरावेत असे ते बोलणे आहे, आणि जाणकार आज त्याला काव्य म्हणतात. आपण बोथचे लोक ज्या मराठीत तेलुगू आणि उर्दू मिसळून बोलतो आणि पुण्याच्या पाहुण्यासमोर ओशाळतो, तिला छापील जागा कोणी दिली असती तर ती अशाच एखाद्या मांजराच्या तोंडी शोभली असती.

दुसरे उदाहरण वॉल्ट केलीच्या ‘पोगो’चे. दलदलीत राहणारा पोगो हा एक साधा, शहाणा पोसम, आणि त्याच्या भोवती मगर, घुबड, कासव असा गोतावळा. 1949पासून ही मालिका अमेरिकाभर छापली जाऊ लागली. 1953मध्ये केलीने तिच्यात एक रानमांजर आणले. त्याचा चेहरा त्या वेळी ज्यांच्या नावाने लोक दचकत अशा सिनेटर जोसेफ मॅकार्थींचा होता. एका वर्तमानपत्राने बजावले की हा चेहरा पुन्हा दिसला तर मालिका बंद करू. केलीने त्या प्राण्याच्या डोक्यावर पिशवी चढवली आणि गोष्ट पुढे चालू ठेवली. मिकी माउसची दैनिक मालिका 1930मध्ये सुरू झाली, गारफील्डची 1978मध्ये, आणि त्यांना वाचक पुष्कळ अधिक मिळाले. गारफील्ड मला फारसा भावत नाही. त्याचा आळस दुकानात विकायला ठेवल्यासारखा वाटतो. चार्ल्स शुल्झच्या ‘पीनट्स’मधला स्नूपी मात्र निराळा. तो कुत्रा बोलत नाही, मनात बोलतो. वाचकाला ते कळते आणि त्याच्या घरच्यांना कळत नाही. घरातल्या मुक्या जनावराविषयी आपल्याला नेहमी येणारी शंकाच तिथे खरी करून दाखवली आहे.

मराठीत असे कोण झाले? मराठी दैनिकातली हास्यचित्रमालिका म्हटले की नाव येते ‘चिंटू’चे. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी 1991मध्ये ‘सकाळ’मध्ये ती सुरू केली आणि घराघरात नेली. ती आहे माणसाच्या मुलाची. बोलणारा प्राणी रोजच्या मराठी वर्तमानपत्राचा तसा नायक झाला नाही. तो राहिला मासिकांत आणि मुखपृष्ठांवर. शि. द. फडणीसांनी 1950च्या दशकाच्या आरंभी दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर एकाच्या कपड्यांवर मांजरे आणि दुसरीच्या कपड्यांवर उंदीर काढले, तेव्हा एकाही शब्दाशिवाय महाराष्ट्र हसला. 1960च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या ‘चंपक’ने मुलांना आख्खे प्राण्यांचे वन दिले, पण त्या वनात शाळा फार आणि खोड्या कमी.

दैनिकात प्राणी का आला नाही, याची कारणे मी वर सुचवली आहेतच: तात्पर्याची सवय आणि मुलांचे-मोठ्यांचे वाटप. आणखी एक कारण अगदी कारागिरीचे आहे. इंग्रजी मालिकेत अक्षरे सगळी मोठ्या लिपीतली असतात. ओळीखाली ओळ चिकटून बसते. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार लागतात, खाली उकार आणि जोडाक्षराचा पाय. तेवढ्याच फुग्यात मराठी ओळी कमी मावतात. भाषांतर करणारा मग वाक्य कापतो, आणि कापताना पहिल्यांदा जाते ती बोलण्याची लकब. ‘अगंबाई’, ‘बरं का’, ‘हो ना’ ही गळतात आणि उरतो तो नुसता निरोप. प्राण्याचा विनोद तर नेमका त्या लकबीत असतो.

आपल्या सीमेवर एका मासिकाने मात्र ही उणीव पुष्कळशी भरून काढली. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी 1947च्या जुलैत मद्रासहून तेलुगूत ‘चंदामामा’ काढला. 1952पासून तो मराठीत ‘चांदोबा’ या नावाने येऊ लागला. चित्रे तीच, पाने तीच, भाषा निराळी. महाराष्ट्रातल्या मुलाला ‘चांदोबा’ मराठीच वाटला. इथल्या मुलाला शेजाऱ्याच्या घरी तोच वेताळ त्याच झाडावर लटकलेला आणि तेलुगू बोलताना दिसू शकत होता. कोणता मूळ आणि कोणता भाषांतरित, याचे त्याला काय! ज्याला दोन्ही अक्षरे येत होती त्याला एका चित्राच्या दोन गोष्टी मिळत होत्या. दोन भाषांत वाढण्याचा असा फायदा पुण्या-मुंबईच्या मुलाला मिळत नाही.

ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या तोंडून वेद वदवले ती कथा पैठणची, आणि त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यात आळे इथे दाखवतात. पैठणची गोदावरी नांदेड, बासर करीत पुढे जाते, आणि कुंटाळ्याच्या धबधब्यावरून उतरणारी आपली कडेम तिलाच जाऊन मिळते. त्या कथेकडे आपण भक्तीने पाहतो, ते योग्यच आहे. पण एकदा पैठणच्या पंडितांच्या चेहऱ्यांची कल्पना करून पाहा. पहिल्या चौकटीत शास्त्री बोट रोखून उभे आहेत, दुसऱ्या चौकटीत रेडा रवंथ करतो आहे. तिसऱ्या चौकटीत काय होते ते आपल्याला ठाऊक आहे, आणि तरी आपण ती पाहायला थांबतो.

एक काम मी आपणा सर्वांवर सोपवणार आहे. काऊचिऊच्या गोष्टीचा शेवट घरोघर निराळा असतो. कुठे चिमणी कावळ्याला आत घेते आणि तव्यावर बसवून त्याला चटका देते, कुठे तो चुलीशी बसून ऊब घेतो, कुठे दार उघडतच नाही. आपल्या घरी तो शेवट कसा सांगतात, आणि चिमणी सबबी देताना कोणकोणते शब्द वापरते, त्यांत तेलुगू किती आणि उर्दू किती, हे घरातल्या सर्वांत वयस्क बाईकडून ऐकून जसेच्या तसे, शुद्ध न करता, लिहून काढा आणि आपल्या संस्थेकडे पाठवा. चित्र काढता येणारे नातवंड घरात असेल तर चार चौकटीही काढून घ्या. फुगा मात्र थोडा मोठा ठेवायला सांगा.